पांढऱ्या बोर्डावरची राखाडी अक्षरं

सोमवार, ४ मार्च

संपादकांनी आज माझ्या टेबलावर एक चपटं खोकं ठेवलं आणि म्हणाले, "हे तुमचं." मला वाटलं, मासिकात सतरा वर्षं झाली म्हणून काही भेटबिट असेल. उघडलं तर आत एक पांढरीशुभ्र पाटी. तिच्यावर खाचा, खुंट्या, चकत्या, काड्या, आणि मधोमध झाकण लावलेला एक चौकोन.

"मदरबोर्ड," ते म्हणाले. "स्वस्तातला, त्यात पांढरा. तरुण पोरं तुटून पडलीत. मांडणी कशी आहे, सोयी काय आहेत, घ्यावा की नाही, एवढं लिहायचं. महिनाअखेरीला मजकूर हवा."

मी म्हटलं, "साहेब, मी इस्त्र्या बघते."

"वस्तू ती वस्तूच."

आमचं ग्राहकांचं मासिक. आम्ही दुकानातून गुपचूप वस्तू विकत आणतो, वापरतो, मोडून बघतो आणि खरं ते छापतो. इस्त्र्या, मिक्सर, पंखे, थर्मास ही माझी खाती. कॉम्प्युटरचं सगळं आमच्या कार्यालयातला एक पोरगा बघायचा, त्याला मी चष्मिस म्हणते. तो मागच्या महिन्यात दुसरीकडे गेला आणि जाताना एक स्क्रूड्रायव्हर तेवढा विसरला.

आमचा नियम असा की वस्तूला हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो. म्हणून चौकोनावरचं झाकणसुद्धा काढून आतला फोटो घेतला आणि झाकण परत बसवलं. आत केसांच्या टोकांसारखं काहीतरी चमकत होतं. काय ते देव जाणे.

घरी ह्यांना दाखवलं. हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कपडे कुठं ठेवायचे ह्यात?"

मंगळवार, ५ मार्च

सोबतची पुस्तिका तीनदा वाचली. प्रत्येक शब्द वाचता येतो आणि वाक्य डोक्यावरून जातं. एका चित्रात सव्वीस बाण आहेत. बाणांचे आकडे बोर्डावर शोधायला गेले तर बोर्डावरची अक्षरं मुंगीएवढी, त्यात पांढऱ्यावर राखाडी. सहा नंबरच्या बाणाला मी पंख्याची जागा समजले, ती निघाली बॅटरी.

मिक्सरचं बरं असतं. भांडं असतं, झाकण असतं, पातं असतं. न कळण्यासारखं त्यात काही नसतं.

हे म्हणाले, "धाकट्याला विचार ना. बावीस वर्षं त्यानं हेच केलंय."

माझ्या कसं लक्षात आलं नाही! भाऊजींचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, दोन गल्ल्या सोडून. जानेवारीत त्यांनी ते अचानक बंद केलं. का, तर म्हणे कंटाळा आला. बावीस वर्षं माणूस एका कामात रमतो आणि एका सकाळी त्याला कंटाळा येतो, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. एकटा जीव आहे, विचारणार तरी कोण?

फोन केला. आधी "बघतो" म्हणाले, मग "येतो", मग "दिवसा येतो हं, वहिनी, अकराच्या सुमारास." जणू मी अपरात्री बोलावणार होते.

गुरुवार, ७ मार्च

साहेबांना विचारून बोर्ड घरी आणला होता. भाऊजी आले. पहिलं वाक्य, "टेबल खिडकीशी घेऊ या का?" घेतलं. मी म्हटलं, "चष्मा नाही आणलात?" तर म्हणाले, "चष्म्यानं काही होत नाही आता." नंबर गेला वाटतं त्यांचा. नशीबवान. माझा दर वर्षी वाढतोय.

शिकवायची त्यांची पद्धत मोठी अजब आहे. स्वतः काही वाचत नाहीत. "तुम्ही वाचा, वहिनी. तुम्हाला लिहायचंय ना." मग बोर्ड दोन्ही हातांत धरून, कापडाचा पोत बघावा तशी बोटं फिरवत राहतात आणि विचारतात, "ह्याच्या शेजारी काय छापलंय?" मी भिंग लावून वाचते, मग ते सांगतात.

मधला चौकोन म्हणजे सॉकेट, प्रोसेसरचं घर. "झाकण काढू नका. आत हजारावर पिना असतात, फुंकर मारली तरी वाकतील अशा." मी फोटोसाठी ते आधीच काढलंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "परत नीट बसवलंत?" बसवलं, म्हटलं. मी सतरा वर्षं प्रेशर कुकरची झाकणं बसवतेय.

शेजारी चार लांब खाचा, मेमरीच्या. उजव्या कडेला चोवीस भोकांचं मोठं तोंड, विजेचं. आणखी एक आठ भोकांचं पार डाव्या वरच्या कोपऱ्यात. तिथं भाऊजींचं बोट थांबलं. "बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवल्यावर इथं बोट जायचं नाही. आधी वायर लावायची, मग बोर्ड. हे लिहा." लिहिलं. "हार्ड डिस्कच्या वायरींना चार तोंडं. दोन आडवी आहेत, ती चांगली. दोन उभी. लांब ग्राफिक्स कार्ड लावलं की ते बरोब्बर त्यांच्यावर झोपणार. म्हणजे चार सांगितली आणि मिळाली दोन. लिहा." पंख्यांना जागा तीन, एक अजून हवी होती. बॅटरी त्याच कार्डाखाली, म्हणजे ती बदलायला सगळं उचकटायचं. वायफाय नाही. मागची पत्र्याची पट्टी सुटी येते आणि तिची कड बोट कापते. हे मला सांगावं लागलं नाही, माझंच कापलं.

ते सांगत असतात तोवर सगळं लख्ख कळतं. ते गेले की वहीतली माझी अक्षरं मलाच परकी वाटतात.

एकदा विचारलं त्यांनी, "पांढरा म्हणजे कसा पांढरा आहे हो? दुधासारखा की चुन्यासारखा?" मी म्हटलं, समोर तर आहे. म्हणाले, "तुमच्या शब्दांत हवंय मला." आता ह्याला काय म्हणायचं! मी अक्षरांबद्दल तक्रार केली, की हा रंग कुणा शहाण्यानं निवडला, भिंगाशिवाय दिसत नाही. त्यावर इतके खूष झाले! "तुम्हालाही दिसत नाही ना? मग लिहा ते. सगळ्यात आधी ते लिहा."

रविवार, १० मार्च

भाऊजींना जेवायला बोलावलं होतं. आज मन थाऱ्यावर नाही, कारण आज जे झालं त्याचा मला अर्थ लागत नाही.

भाऊजींनी तांब्यातून पाणी ओतलं ते पेल्याच्या बाहेर. धार टेबलावर, टेबलावरून ह्यांच्या मांडीवर. हे खेकसले, "लक्ष कुठं असतं तुझं?" भाऊजी हसले, म्हणाले, "तुझ्या मांडीवर." पण पुसायला फडकं मागितलं तेव्हा फडकं त्यांच्या हाताशीच होतं. निघताना शेवटच्या पायरीवर असे अडखळले की मी ओरडले.

ते गेल्यावर हे म्हणाले, "पितोय तो."

मी म्हटलं, "काहीतरीच."

"दुकान बंद. फोन उचलत नाही. परवा रस्त्यात समोरून आला आणि ओळख न देता गेला, सख्ख्या भावाला. संध्याकाळनंतर घराबाहेर पडत नाही. आणि आज हे. अजून काय पुरावा हवा तुला?"

पण भाऊजी माझ्याशेजारी तासन् तास बोर्डावर वाकून बसले होते. वास आला तो साबणाचा.

बुधवार, १३ मार्च

आज कार्यालयातल्या चाचणीच्या खोलीत बोर्ड जोडला. एका बाजूला माझे सहा मिक्सर, दुसऱ्या बाजूला भाऊजी. संपादक दोनदा डोकावून गेले. बाहेरचा माणूस मदतीला घेतला हे त्यांना फारसं आवडलेलं नाही. पण चष्मिस नाही म्हटल्यावर बोलणार काय!

प्रोसेसर बसवायचं काम भाऊजींनी स्वतःकडे घेतलं. "हे नाजूक आहे, हे मी करतो." त्याच्या कोपऱ्यावर एक इवलासा त्रिकोण असतो, तो सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा. त्यांनी कडा बोटांनी चाचपल्या, कितीतरी वेळ. मग खाली ठेवताना तो एका कोपऱ्यावर सटकला. त्यांनी उचलला, परत ठेवला. "काही नाही," म्हणाले. मी काही विचारलंच नव्हतं.

बाकीचं मी केलं. मेमरीच्या दोन पट्ट्या, पंखा, वायरी. कळ दाबली आणि पंखा फिरला तेव्हा मला लहान पोरीसारखा आनंद झाला. पण पडद्यावर मेमरी निम्मीच दिसायला लागली. पट्ट्या हलवून बघितल्या. तिसऱ्या-चौथ्या खाचेत दोन्ही चालतात. पहिल्या-दुसऱ्या खाचेत लावल्या तर काहीच सुरू होत नाही. चारांपैकी दोन खाचा मुक्या.

भाऊजींनी पट्ट्या बोटांनी चाचपल्या. मग म्हणाले, "प्रोसेसर काढून बघू." काढला. दोष सापडला की त्या अवस्थेतला फोटो घ्यायचा हाही आमचा नियम, मी घेतला. भाऊजी सॉकेटवर वाकले, अगदी नाक टेकेल इतके. "ठीक दिसतंय," म्हणाले.

"मग बोर्डच खराब?"

"असेल." थोड्या वेळानं परत, "असेलही."

गुरुवार, १४ मार्च

संपादक हवेत तरंगतायत. "चारांपैकी दोन खाचा बंद! मुखपृष्ठावर घेऊ. पांढरं वरवरचं, असं काहीतरी." मी म्हटलं, एकाच नगावरून असं म्हणावं का? तर म्हणाले, "इस्त्रीला शॉक आला तेव्हा तुम्ही एकाच नगावरून लिहिलं होतं." ते खरं आहे. पण इस्त्री मला कळते.

मजकूर लिहायला घेतला. दुपारी भाऊजींचा फोन. "वहिनी, त्या खाचांचं लिहू नका इतक्यात."

"का?"

"असंच."

"असंच म्हणजे काय, भाऊजी? साहेबांना मी काय सांगू?"

फोन ठेवून दिला त्यांनी. आधी म्हणायचं बोर्ड खराब, मग म्हणायचं लिहू नका. बोर्ड जास्त अवघड की हा माणूस, मला ठरवता येत नाही.

शनिवार, १६ मार्च

हे सकाळी ताडकन उठून भाऊजींकडे गेले. तासाभरानं परत आले ते चेहरा पाडून. खुर्चीत बसले आणि पंख्याकडे बघत म्हणाले, "कबूल केलं."

"काय कबूल केलं?"

"मी म्हटलं, पितोस का? तर म्हणाला, हो, पितो. इतका सरळ म्हणाला की मला पुढं काय बोलायचं ते सुचेना. मी तोंडाला येईल ते बोललो. आईच्या नावानंही बोललो. तो ऐकत बसला."

मी विचारलं, बाटल्या दिसल्या का? ह्यांनी म्हणे सगळं घर पालथं घातलं, अगदी मोरीतसुद्धा बघितलं. दारूची एक बाटली नाही. फक्त फ्रिजच्या दारात औषधाच्या तीन-चार इवल्याशा बाटल्या, करंगळीएवढ्या.

म्हणजे दुखणं औषधापर्यंत गेलंय. यकृताचं असणार. पण यकृताचं औषध एवढ्याशा बाटलीत? औषधाच्या दुकानात विचारावं का? आणि नक्की काय विचारायचं? काही म्हणजे काही जुळत नाही. पिणाऱ्या माणसाच्या घरात दारू नाही, तोंडाला वास नाही आणि "पितो" मात्र पटकन म्हणतो.

आज ह्यांनी जेवताना भाजीत मीठ नाही हेसुद्धा सांगितलं नाही. मला नंतर कळलं.

मंगळवार, १९ मार्च

हे नीट, क्रमानं लिहिते, म्हणजे मलाच कळेल.

सकाळी कार्यालयात फाईलला छापील फोटो लावत होते. चार तारखेचा सॉकेटचा फोटो डावीकडे, तेरा तारखेचा उजवीकडे. डावीकडच्या पिना नीट विंचरलेल्या केसांसारख्या, सगळ्या एका बाजूनं चमकतायत. उजवीकडच्यात एका कोपऱ्यात पाच-सहा पिना आडव्या, झोपेतून उठल्यासारख्या. भिंग लावलं. फोटो उलटे तर धरले नाहीत ना, तेही बघितलं. शेवटी चष्मिसला फोन केला. तो म्हणाला, "हो काकू, पिना वाकल्या की त्या बाजूच्या मेमरीच्या खाचा मरतात. बोर्डाचा दोष नाही तो. बसवणाऱ्याचा."

बसवणाऱ्याचा.

म्हणजे आम्ही एका चांगल्या वस्तूला मुखपृष्ठावरून नावं ठेवायला निघालो होतो. मला आधी राग आला भाऊजींचा. पिऊन आले होते का त्या दिवशी? पण हात थरथरत नव्हता, मी शेजारी होते. मग इतक्या वाकलेल्या पिना बघून ते "ठीक दिसतंय" का म्हणाले? खोटं बोलले?

फोटोंचं पाकीट घेऊन तडक त्यांच्याकडे गेले. ते खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत बसले होते. मी पाकिटातून फोटो काढला, त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "बघा. पिना वाकल्यात. आता काय म्हणायचंय तुम्हाला?"

त्यांनी फोटो डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ. मग म्हणाले, "हो, दिसतंय. वाकल्यात. माझ्याच हातून झालं, वहिनी. सटकला होता ना, तेव्हाच."

मी फोटो परत घ्यायला हात पुढं केला आणि बघितलं. तो इस्त्रीचा होता. मागच्या महिन्यातल्या इस्त्रीच्या तळाचा, घाईत त्याच पाकिटात आलेला. आणि उलटा धरलेला.

मला क्षणभर वाटलं, ते माझी थट्टा करतायत. मग वाटलं, मीच काहीतरी चुकीचं बघतेय. मी विचारलं, "भाऊजी, हा फोटो कशाचा आहे?"

त्यांनी फोटोच्या कडांवरून बोट फिरवलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कशाचा आहे?" त्यांनीच मला विचारलं.

"इस्त्रीचा."

ते हसले. मला ते हसू आवडलं नाही. "चहा टाका, वहिनी," म्हणाले, "मग सांगतो. मला गॅस पेटवायची भीती वाटते हल्ली."

काचबिंदू. उजवा डोळा गेल्यात जमा, डाव्यानं नळीतून बघितल्यासारखं दिसतं, तेही भरपूर उजेड असला तर. दीड वर्ष झालं कळून. गेलंय ते परत येणार नाही, राहिलंय ते टिकवायला शस्त्रक्रिया करा, असं डॉक्टर केव्हापासून सांगतायत. भाऊजी नुसते थेंब घालत बसलेत आणि राहिलेलंही जाईल ह्या भीतीनं शस्त्रक्रियेच्या टेबलावर जायला तयार नाहीत.

मी म्हटलं, "आणि दारू पितो म्हणून सांगितलंत! आपल्या भावाला!"

"दादानंच विचारलं. तयार उत्तर मिळालं, मी घेतलं." चहा गार होईपर्यंत कप हातात धरून बसले होते. "दारुड्याला लोक शिव्या देतात, वहिनी. पण हात धरून रस्ता नाही ओलांडून देत."

"मग माझ्या कामाला कशाला हो म्हणालात?"

"दोन महिने झाले होते कशाला हात लावून. आणि बोटांना सगळं पाठ आहे, तुम्ही बघितलंत ना? तुम्ही वाचत होतात, मी सांगत होतो. चुकलं का काही?"

नव्हतं चुकलं. प्रोसेसर सोडून एक गोष्ट चुकली नव्हती.

घरी येताना मला रस्त्यात रडू आलं, ते स्वतःच्या रागानं. टेबल खिडकीशी घ्या. तुम्ही वाचा. पांढरा कसा पांढरा. मी हे सगळं ह्याच वहीत लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात, आणि वर "नशीबवान" म्हटलंय.

ह्यांना सांगू नका म्हणालेत. मी म्हटलं, रविवारपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन. बरोबर केलं का, माहीत नाही.

बुधवार, २० मार्च

संपादकांना सांगितलं, दोष बोर्डाचा नाही, पिना आमच्याकडून वाकल्या. ते आधी मुखपृष्ठासाठी हळहळले, मग चिडले. "कुणी वाकवल्या? त्या तुमच्या दिरांनी?"

मी म्हटलं, "मी."

सतरा वर्षांत कार्यालयात बोललेलं माझं हे पहिलं धडधडीत खोटं. खरं छापणाऱ्या मासिकात! संपादक माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, खाचांचा उल्लेखच गाळा, नवा नग आणा, विषय संपवा. मी म्हटलं, गाळणार नाही. जोडताना पिना वाकू शकतात, आमच्या वाकल्या, हे वाचणाऱ्याला कळायला हवं. बराच वाद झाला. शेवटी म्हणाले, "लिहा, पण दोन ओळींत."

म्हणजे एका खोट्याच्या आधारानं मी दोन ओळी खऱ्या मिळवल्या. हा हिशेब मला काही लागत नाही.

रविवार, २४ मार्च

भाऊजी आले. साडेअकराला, न बोलावता. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मी स्वयंपाकघरात उभी, हातात लाटणं, आणि कान बाहेर.

"दादा, मी दारू पीत नाही."

"मग त्या दिवशी काय पाणी पितो म्हणालास?"

"मला दिसत नाही रे."

वर्तमानपत्र खाली आल्याचा आवाज आला. मग भाऊजींनी सगळं सांगितलं, अगदी सपाट आवाजात, दुरुस्तीला आलेल्या यंत्रात काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं. हे उठून आत आले, नळ सोडला, हात धुतले. हातांना काही लागलेलं नव्हतं. परत बाहेर जाऊन म्हणाले, "दीड वर्ष?"

"हो."

"आणि मी त्या दिवशी आईच्या नावानं..." मग एकदम ओरडायलाच लागले. गाढवा, मूर्खा, मी मेलो होतो का, सामान बांध, आजपासून इथं राहायचं.

भाऊजीही ओरडले. "हेच! हेच नको होतं मला! म्हणून सांगत नव्हतो!"

दोघं साठीच्या आसपासचे पुरुष, दोन पोरांसारखे भांडत होते. मला कुणाची बाजू घ्यावी ते कळेना. ह्यांचं चुकत नव्हतं आणि भाऊजींचंही खरं होतं. शेवटी मी बाहेर जाऊन म्हटलं, "राहायचं कुठं ते नंतर बघू. डॉक्टरांकडे कधी जायचं तेवढं ठरवा." दोघंही येऊन ताटावर बसले.

जेवताना हे भाऊजींच्या ताटात वाढत होते आणि दर वेळी सांगत होते, "भाजी डावीकडे. चटणी तिच्या वर." चौथ्यांदा सांगितल्यावर भाऊजी म्हणाले, "दादा, ताटाची मांडणी मला माहीत आहे." ह्यांनी तोंड मिटलं, पण दोन मिनिटंच.

बुधवार, २७ मार्च

दुसरा बोर्ड आला, दुसऱ्या दुकानातून. प्रोसेसर मी बसवला. भाऊजी समोर स्टुलावर, हात मांडीवर घट्ट धरून. "त्रिकोण जुळला? आता सोडा. दाबू नका, नुसता सोडा. आवाज कसा आला?" आवाज आलाच नाही, म्हटलं. "मग बरोबर." सतरा वर्षांत कुठल्या इस्त्रीनं मला एवढं घाबरवलं नाही.

चारही खाचा चालल्या. मी ओरडले. संपादक धावत आले, त्यांना वाटलं शॉक बसला.

संध्याकाळपर्यंत मजकूर पुरा केला. मांडणी एकूण विचार करून केलेली. आठ भोकांची वायर आधी लावा. हार्ड डिस्कची तोंडं चार, पण लांब कार्ड लावल्यास दोनच धरा. पंख्यांना जागा कमी. बॅटरी अडचणीत. पांढरेपणा खरा, मागच्या बाजूनंसुद्धा. साध्या कामासाठी घ्यायला हरकत नाही. आणि सगळ्यात वर, भाऊजींनी सांगितलं होतं तिथं: अक्षरं रंगामुळं वाचता येत नाहीत, हा दोष आहे, कंपनीनं बदलावा.

संपादकांनी विचारलं, "पाचांपैकी तारे किती?" मी साडेतीन म्हटलं. भाऊजी म्हणाले, "तीन." आमचं त्यावर जुंपलं. अजूनही मला वाटतं साडेतीन, पण तीन छापून येतील. पिना वाकवलेल्या बोर्डाबद्दल माझ्या मनात थोडी अपराधाची भावना आहे, म्हणून मी अर्धा तारा जास्त देतेय, असं भाऊजी म्हणाले. असेल.

शनिवार, ६ एप्रिल

डोळ्यांच्या रुग्णालयातून आत्ताच आलोय. सोमवारी डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया. डॉक्टर सांगत होते त्यातलं मला निम्मं कळलं, भीती मात्र सगळी कळली. टिकेल का? डॉक्टर म्हणाले, बहुतेक. बहुतेक म्हणजे किती, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. भाऊजींनी विचारलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही. राहायचं कुठं, ह्यावरही अजून भांडण चालूच आहे.

बाहेरच्या बाकावर बसून हे अर्ज भरत होते. नाव, वय, पत्ता हे न विचारता लिहीत गेले. मग थांबले. "व्यवसाय?"

भाऊजी म्हणाले, "काही नाही, लिही."

ह्यांनी पेन उचललं आणि लिहायला लागले. काही नाही लिहायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लिहीत होते. मी वाकून बघितलं. मोठ्या, ठसठशीत अक्षरांत: संगणक तंत्रज्ञ, अनुभव बावीस वर्षे. अनुभवाला त्या अर्जात रकानाच नव्हता, म्हणून ते समासात गेलं होतं.

"काय लिहिलंस एवढं?" भाऊजींनी विचारलं.

"तू सांगितलंस तेच. सही कर."

ह्यांनी त्यांचं बोट धरून रेघेच्या सुरुवातीला टेकवलं. भाऊजींनी हात काढून घेतला नाही. सही रेघ सोडून वर चढत गेली, पार व्यवसायाच्या रकान्यापर्यंत. हे तिच्याकडे बघत राहिले, मग कागद हलकेच घडी न घालता उचलून नोंदणीच्या खिडकीपाशी देऊन आले.